विमानाआधी बुऱ्हाणपूर

लेक अमेरिकेत, तिचे दिवस भरत आलेले. आम्हा दोघांची तिकिटं दिल्लीहून, रात्रीच्या विमानाची. बेळगावहून दिल्लीला जायचंच आहे तर वाटेत भुसावळला मावसभावाकडे उतरावं, दुसऱ्या दिवशी बुऱ्हाणपूर बघावं आणि तिथूनच संध्याकाळची गाडी धरावी, हा बेत माझा. सौ.चं म्हणणं, सामान चार नगांचं, त्यात एक नग निव्वळ डिंकाच्या लाडवांचा (ती अंटिनुंडी म्हणते, माहेर धारवाडचं), आणि या वयात कसली हौस! पण विमानात पंधरा-सोळा तास बसायचं, आधी पाय तरी मोकळे होतील, असं म्हटल्यावर ती गप्प बसली. पटली असं नव्हे.

मावसभावानं गाडी आणि ड्रायव्हर दिला. रावेरच्या केळीच्या बागा मागे पडल्या की थोड्याच वेळात मध्य प्रदेश लागतो. पाट्या हिंदी झाल्या, पण चहाच्या टपरीवरचा माणूस आमच्याशी मराठीत बोलला, गिऱ्हाइकाशी हिंदीत आणि पोराशी दोन्हीच्या मिसळीत. आपल्याला यात नवल ते काय? आमच्या घरात भाजीला मीठ कमी पडलं तर मराठीत सांगतात आणि जास्त झालं तर कानडीत.

जामा मशीद फारुकी सुलतान आदिलशहानं सोळाव्या शतकाच्या अखेरीस बांधली. आत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे. "हा आपला विजापूरचाच का?" सौ.नं विचारलं. नव्हे, नाव तेच, घराणं खानदेशचं. १६०१ मध्ये अकबरानं ते संपवलं. पुरंदरच्या तहातले मिर्झाराजे जयसिंग १६६७ साली याच गावात वारले, त्यांची छत्री तापीकाठी आहे. संभाजी महाराजांच्या फौजांनी १६८१ मध्ये हे शहर लुटलं, तेही इथलंच. हे सगळं मी उत्साहानं सांगत होतो.

मग शाही किल्ल्यातला हमाम. छतावरची रंगीत नक्षी अजून दिसते. गाइड सराईत होता. मुमताजमहल इथे स्नानाला येई, म्हणाला, आणि याच गावात १७ जून १६३१ला चौदाव्या बाळंतपणात गेली. मी चपापलो. बेत आखताना माझ्या डोक्यात फक्त ताजमहाल होता. बाळंतपण हा शब्द मी वाचला होता, पण तो डोक्यात शिरला नव्हता.

"साकु, नडीरि," एवढंच म्हणून ती बाहेर पडली.

गाडीत मी तिकडची इस्पितळं किती चांगली, वगैरे सुरू केलं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "शहाजहानकडे काय हकीम नव्हते?" यावर काय बोलणार!

कुंडी भंडाऱ्यावर मी एकटाच लिफ्टनं खाली गेलो. सुमारे ८० फूट. अब्दुर्रहीम खानखानाच्या वेळी, १६१५च्या सुमारास, एका इराणी जाणकारानं ही रचना केली. सातपुड्याच्या उतारावरचं पाणी जमिनीखाली झिरपतं, ते भुयारात गोळा करून हलक्या उतारानं गावाकडे आणायचं. भुयारावर ओळीनं विहिरी, त्याच कुंड्या. मोट नाही, रहाट नाही. कुंडीच्या भिंतींवर क्षारांचा पांढरा थर आणि पाणी नितळ. बीदरजवळच्या नौबादची सुरंग बावी ज्यांनी पाहिली असेल त्यांना ही कल्पना नवी नाही. ती बहमनी काळातली, म्हणजे याहून जुनी. कुंडी भंडाऱ्याचं नाव २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आलं. माझ्या मते बुऱ्हाणपुरात एकच जागा बघायची असेल तर हीच बघावी.

वर आलो तर सौ. ड्रायव्हरला विचारत होती, तिला आधी पुरलं ती जागा कुठे? नदीपलीकडे जैनाबादला आहूखाना आहे. हरणांची शिकारबाग होती म्हणे. आता पडक्या भिंती आणि भोवती शेतं. सहाएक महिने मुमताज इथे होती, मग डिसेंबरात तिला आग्र्याला नेलं.

ती बराच वेळ उभी राहिली. मग विचारलं, "आणि ते बाळ?"

मोबाइलवर शोधून सांगितलं. मुलगी होती, गौहर आरा. १७०६ पर्यंत जगली. सौ.नं बोटांवर हिशेब केला. "पंचाहत्तर," ती म्हणाली. "आणि वाढवली कुणी?" थोरली बहीण जहाँआरा तेव्हा सतरा वर्षांची होती, एवढंच मला सांगता आलं. तिनं मान हलवली आणि चपला घालून गाडीकडे निघाली.

गावात परतून मावा जिलबी घेतली. काळसर, जाडजूड, गरम. तिनं मधुमेहाचा विषय न काढता दोन खाल्ल्या.

रात्री गाडीत लेकीचा फोन आला. बाळ फार लाथा मारतंय, आई, तुम्ही कुठे आहात? सौ.नं लाडवांचा डबा उशाशी ओढून घेतला आणि म्हणाली, "वाटेत एका गावी जिलबी खायला उतरलो होतो. तू जेवलीस का?"