अर्ध्या सिनेमाचा जाणकार

इंटरव्हलचं आयुष्य दहा-पंधरा मिनिटांचं. तेवढ्यात तो मुतारीच्या रांगेत उभा राहतो, समोसा घ्यावा की वडा यावर घोळ घालतो, घरी फोन करून पोरं जेवली का विचारतो आणि शिवाय सिनेमाचा निकालही लावून टाकतो. आजवर त्याने एकही सिनेमा शेवटपर्यंत पाहिलेला नाही. नायक जगला की मेला, भूत खरं होतं की इस्टेटीसाठी दिराने पांढरी साडी नेसून केलेला उद्योग होता, यातलं त्याला काही ठाऊक नसतं. पण मत विचारा. “पिक्चर चालणार,” असं छातीठोक सांगेल, नाहीतर “गेले पैसे.” मधलं काही त्याच्याकडे मिळत नाही.

घराणं म्हणाल तर नाटकवाल्यांचं. तिकडचं मध्यंतर वयाने थोरलं आणि वळण असलेलं. लेखकानेच अंक संपवलेला असतो, पडदा रीतसर पडतो, आणि दादरच्या शिवाजी मंदिरात बटाटावडा खाताखाता लोक नटाच्या आवाजाबद्दल बोलतात. तेही जरा बेताने, कारण नट भिंतीपलीकडेच बसलेला असतो. सिनेमातला हा धाकटा मात्र यंत्रांच्या खोलीत वाढला. ३५ मिलिमीटर फिल्मचं २००० फुटांचं रीळ वीस-बावीस मिनिटांत संपायचं. मोठ्या थिएटरात दोन प्रोजेक्टर असत. एक थांबायच्या बेतात आला की दुसरा सुरू. जत्रेतल्या तंबूत एकच मशीन असलं की रीळ बदलेपर्यंत सगळी पब्लिक शिट्ट्या मारत बसायची, आणि एका रात्रीत या इंटरव्हलची सात-आठ बारकी भावंडं जन्मून जायची. साहेबाच्या देशांत ‘गॉन विथ द विंड’ (१९३९), ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ (१९६२) अशा लांबलचक सिनेमांत त्याला मान होता. पुढे तिथे त्याला कुणी विचारेनासं झालं. इकडे राज कपूरने ‘संगम’ (१९६४) आणि ‘मेरा नाम जोकर’ (१९७०) मध्ये त्याला दोन-दोनदा बोलावलं. ‘जोकर’ आपटला, पण त्याचा बोल याला लावू नये.

आपल्याकडे सिनेमावर बोलायची रीत यानेच घालून दिली. ‘फर्स्ट हाफ कडक, सेकंड हाफ ढिला.’ बारावीतला पोरगा हेच म्हणतो, बँकेतून निवृत्त झालेले काका हेच म्हणतात. कथा, अभिनय, संगीत हे रकाने वर्तमानपत्रातल्या परीक्षणाचे. थिएटरच्या पायऱ्यांवर सिनेमा मधोमध चिरूनच तपासला जातो. सवय इतकी मुरलेली की आपला माणूस न्यू जर्सीला जाऊन इंग्रजी सिनेमा अडीच तास सलग बघतो आणि बाहेर पडताना म्हणतो, “सेकंड हाफला जरा रेंगाळला.” कुठला हाफ? तिथे मधे दिवेच लागले नव्हते!

त्याचा खरा कस मात्र भुताच्या सिनेमात. दिवे लागतात आणि अख्ख्या हॉलची चेहरे सावरण्याची लगबग सुरू होते. टी-शर्टची कॉलर नाकापर्यंत ओढून बसलेला गडी ती खाली करतो, पाय सीटवर घेतलेले लोक ते जमिनीवर सोडतात. पहिलं वाक्य ठरलेलं: “नुसता आवाज करून दचकवतात रे, भीती कुठाय?” हे म्हणणारा तोच, ज्याचे पॉपकॉर्न पुढच्या बाईंच्या केसांत सापडतील. शेजारून बायको शांतपणे विचारते, “मग माझं मनगट कशाला आवळत होतास?” इंटरव्हल हे ऐकून न ऐकल्यासारखं करतो. लाज झाकणं हेही त्याचं एक काम.

मग दोन तट पडतात. भूत दाखवलंच पाहिजे, तिकीट कशाचं काढलंय, असा एक. दाखवलं की संपलं, असा दुसरा. पहिल्या तटाचे पुढारी रामसे बंधूंच्या जमान्यातले काका. ‘पुराना मंदिर’ (१९८४) मधल्या सामरीचं शीर एकीकडे आणि धड दुसरीकडे. ते कधीतरी एकत्र येणार हे शेंगदाणे विकणाऱ्या पोरालाही ठाऊक होतं, तरी जीव टांगणीला. “काका, मेकअप सरळ दिसतो हो त्यात,” कुणीतरी तरुण म्हणतो. “दिसत होता की. तरी आठवडाभर रात्री परसाकडे एकटा गेलो नाही.” दुसऱ्या तटाकडून राम गोपाल वर्माचा ‘भूत’ (२००३) पुढे केला जातो: हवेली नाही, गाणी नाहीत, मुंबईतल्या उंच इमारतीतला एक फ्लॅट आणि एक लिफ्ट. आणि कोल्हापूर-सांगलीकडचं कुणी असेल तर ते ‘लपाछपी’चं (२०१७) नाव काढतं. उसाच्या फडातून रात्री ज्याने पाणी पाजलंय त्याला त्या सिनेमात वेगळं भूत लागतच नाही, फड पुरतो.

या भांडणात मला इंटरव्हलची बाजू घ्यावीशी वाटते. भुताच्या सिनेमाचा पहिला अर्धा भाग चांगला निघणं तसं सोपं, कारण त्याला काही समजावून सांगायचं नसतं. दार वाजतं, झोपाळा हलतो, बाळ कोपऱ्याकडे बघून हसतं. कोण, का, हे कुणी विचारत नाही. सेकंड हाफमध्ये मांत्रिक येतो, शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट सुरू होते, अन्याय कुणी केला ते कळतं, आणि भुताची कीव यायला लागते. ज्याची कीव आली त्याची भीती कशी वाटणार? तेव्हा भयपटापुरतं तरी ‘सेकंड हाफ पडला’ हे आळशी वाक्य बहुतेक वेळा खरंच असतं. हा बिचारा इंटरव्हल भीती ताजी असतानाच मत देतो. त्यातच कुणाला गावाकडचं आठवतं. ‘मुंज्या’ (२०२४) लागला तेव्हा थिएटरात हेच चाललेलं: मुंज झाल्यावर थोड्याच दिवसांत गेलेला पोरगा, पिंपळ, आणि आमच्या आजीच्या चुलत दिरांना तो कसा दिसला. संगणकावर घडवलेल्या पडद्यावरच्या पोरापेक्षा हे चुलत दीर जास्त भाव खाऊन जातात. घंटा होते, गोष्ट अर्धी राहते. अर्धं ऐकायची त्याला सवय आहेच.

त्याच्याकडे पोच मात्र नाही. हॉलिवूडचे सिनेमे त्याला गृहीत धरून बनलेले नसतात, तरी हा कुठेही घुसतो. ‘अ क्वाएट प्लेस’ (२०१८) हा तासा-दीड तासाचा सिनेमा. आवाज केला की प्राणी येऊन फाडतो, म्हणून घरची माणसं अनवाणी चालतात, खुणांनी बोलतात. एवढी शांतता मुश्किलीने जमवलेली, त्यात हा दिवे लावतो आणि दोनशे माणसांना कुरकुरीत खाऊ हातात देऊन परत पाठवतो. ‘तुंबाड’ची (२०१८) तीच गत. राही अनिल बर्वेने १९१८, १९३३ आणि १९४७ असे आपले मुक्काम आधीच पाडून ठेवले होते. याची गरज नव्हती. तो सिनेमा पहिल्या वेळी फार थोड्यांनी पाहिला आणि २०२४च्या सप्टेंबरात पुन्हा लागला तेव्हा लोक लोटले. दुसऱ्या वेळी इंटरव्हलला गंमत वेगळी होती: अर्ध्या लोकांना त्यातल्या हस्तरचं पुढे काय ते माहीत, आणि त्यांना तोंड मिटून कोल्ड्रिंक पिणं जड जात होतं. आमिर खानने निर्मिलेला ‘धोबी घाट’ (२०११) याला न बोलावताच लागला होता. त्या पायंड्यावर फारसं कुणी गेलं नाही. जाणार कसं? मल्टिप्लेक्सला तिकिटाच्या जोडीला खाण्यापिण्यावर जगावं लागतं, आणि बाहेरचं खाणं आत आणू द्यायचं की नाही हे मालकाने ठरवावं असं सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये सांगून टाकलंय. तेव्हा इंटरव्हलला मरण नाही.

तुफान चालणाऱ्या सिनेमांचे लोक तर त्याला वचकून असतात. इंटरव्हलच्या आधीचा प्रसंग असा हवा की माणूस खुर्चीतून उठता उठता शिट्टी मारेल. तिथे खर्च करायचा, तिथे ढोल बडवायचे. ‘सैराट’ (२०१६) ने याच हिशोबाला चकवलं. ‘झिंगाट’वर पडद्यापुढे नाचून घामेजलेली पोरं मध्यंतरात “येड लागलंय पिक्चर” म्हणत पाण्याच्या नळाशी गर्दी करत होती. तीच पोरं शेवटी बाहेर आली तेव्हा चपला शोधण्याइतकंही बोलत नव्हती. इंटरव्हलचा अंदाज इतका सपशेल चुकल्याचं दुसरं उदाहरण मला सुचत नाही. आणि राजामौलीने तर त्याची मुदतच वाढवून दिली. जुलै २०१५ मध्ये ‘बाहुबली’त कटप्पाने तलवार खुपसली, ती का, हे दुसऱ्या भागात, एप्रिल २०१७ मध्ये कळलं. मधली पावणेदोन वर्षं म्हणजे सबंध देशाचा इंटरव्हल. न्हाव्याच्या दुकानात, लोकलच्या दारात, लग्नाच्या पंगतीत ज्याच्या त्याच्याकडे स्वतःचा कटप्पा होता, आणि खरं सांगायचं तर त्यातले काही पडद्यावरच्या कारणाहून सरस होते.

अलीकडे त्याचं बोलणं कमी झालंय. दिवे लागले की माना वर होण्याऐवजी खाली जातात. पहिल्या दिवशीच्या पहिल्या खेळाला गेलेली मंडळी मुतारीच्या रांगेतूनच ‘इंटरव्हल रिपोर्ट’ धाडतात: फर्स्ट हाफ आग, बीजीएम कडक, व्हीएफएक्स बरे. दुपारच्या खेळाची तिकिटं काढायची की नाही हे त्यावर ठरवणारे लोक बाहेर बसलेले असतात. पूर्वी याचं अर्धवट मत थिएटरच्या आवारातच विरायचं आणि सिनेमा संपल्यावर ते बदलायला माणूस मोकळा असायचा. आता लिहून गेलेलं परत घ्यायला लाज वाटते, म्हणून सेकंड हाफभर जो तो आपलं इंटरव्हलचं मत राखत बसतो. परवा माझ्या शेजारच्या खुर्चीतल्या मुलाने दिवे लागताच पाचपैकी चार तारे देऊन टाकले. पाचवा का नाही, विचारलं. म्हणाला, “काका, क्लायमॅक्सला काहीतरी ठेवायला नको?”