टाकीचें बूच

यंत्रांशीं माझें कधींच जमलें नाहीं; उपदेशाशीं मात्र फार जमतें. गेल्या वर्षीं मृगाच्या तोंडावर वादळ झालें आणि कारंज्याजवळच्या आमच्या मळ्यांतला, वडिलांनीं लावलेला कडुनिंब गोठ्याच्या दारांत आडवा झाला. पुतण्यानें साखळीची करवत काढली. मीं तिची माहितीपुस्तिका काढली. कॉलेज अर्ध्यावर टाकून शेती पाहणाऱ्या या मुलाला चार शब्द सांगण्याची संधि मीं सहसा सोडीत नाहीं.

करवत पांच मिनिटें चालली, धापा टाकूं लागली आणि बंद पडली. मीं चौकशी आरंभली. या एंजिनाला तेलाची निराळी सोय नसते. तें पेट्रोलांतच मिसळावें लागतें. पुस्तिकेप्रमाणें १ लिटरला २० मिलिलिटर. तें बरोबर होतें. हल्लीं पेट्रोलांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें व तें ओलावा शोषून घेतें. पण पेट्रोल ताजें होतें. हवेची गाळणी भुशानें भरली होती, ती झटकली. प्लगवरची काजळी पुसली. करवत पुन्हां पांच मिनिटें चालली आणि पुन्हां निजली.

"तूं निगाच राखीत नाहींस!" मीं निकाल दिला.

"काका, जरा ऐकता का? थोड्या वेळानं आपोआप चालू होते, म्हंजे आत काहीतरी कोंडतंय. टाकीचं बूच ढिलं करून पाह्यतो."

यंत्र निवल्यावर त्यानें बूच सैल केलें. 'सुस्स्' करून हवा आंत शिरली. टाकींतून जितकें पेट्रोल जातें तितकी हवा आंत यावी लागते. तिच्यासाठीं ठेवलेली बारीक वाट धुळीनें बुजली होती. त्यामुळें टाकी भरलेली असूनहि एंजिन उपाशी मरत होतें. त्यानें ती वाट साफ केली आणि दिवेलागणीपूर्वीं गोठ्याचें दार मोकळें झालें.

निंबाच्या ओंडक्यावर आम्ही दोघे बसलों. चार वर्षें त्याला मीं सांगतच आलों होतों, त्या संध्याकाळीं प्रथमच विचारलें, "कॉलेज कां सोडलेंस रे?"

तो बराच वेळ गप्प होता. मग बोलूं लागला. मधें बोलण्याचा मोह मला दोनदां झाला. मीं तो आवरला. दादांचें त्या वर्षींचें आजारपण मला ठाऊक होतें. त्या वर्षीं पेरणी कोणीं केली, हें मात्र मीं कधीं विचारलेंच नव्हतें.