नाव बदलून मिळेल

आमच्या घराण्यात एका माणसाला एक नाव कधी पुरलेलंच नाही. पाळण्यातलं एक, हाकेचं दुसरं आणि शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी घातलेलं तिसरंच! आई माहेरची द्वारका. लग्नात वडिलांनी ताटातल्या तांदळावर अंगठीनं नाव लिहिलं आणि ती सुशीला झाली. त्यामुळे मस्टँग विमानाची हकिगत वाचली, तेव्हा ते मला आमच्या नात्यातलंच वाटलं.

१९४० साली इंग्रजांना विमानांची निकड होती. त्यांनी अमेरिकेतल्या नॉर्थ अमेरिकन कंपनीला गळ घातली, की कर्टिस कंपनीचं पी-४० तुम्ही बनवून द्या. कंपनीचं म्हणणं, दुसऱ्याचं शिळं कशाला, ताजंच वाढतो की! आणि १०२ दिवसांत विमान उभं. फक्त इंजिन यायचं होतं. (आमच्या घराची वास्तुशांत झाली तेव्हा नळ यायचा होता, तसंच.) २६ ऑक्टोबर १९४० ला ते उडालं. पाळण्यातलं नाव एनए-७३एक्स. इंग्रजांनी बारसं करून नाव ठेवलं 'मस्टँग', म्हणजे मोकाट घोडा. घोडा अमेरिकेचा, आत्याबाई विलायतेच्या!

अमेरिकेच्या सैन्याने त्याला पी-५१ म्हटलं, काही दिवस 'अपाची' म्हणून पाहिलं. पुढे १९४२ मध्ये खरी गंमत झाली. लढाऊ विमानांच्या खात्यातले पैसे संपले, पण सूर मारून बाँब टाकणाऱ्या विमानांच्या खात्यात शिल्लक होते. मग काय, पंखांना ब्रेक लावले, बाँब अडकवायची सोय केली आणि तेच विमान ए-३६ झालं! अशी पाचशे निघाली. त्यातली काही १९४३ साली आपल्या आसामात, दिंजानला आली. सरकारी खाती जगभर एकाच गोत्राची, हे वाचून मला फार धीर आला.

बँकेत खातं उघडताना आईला विचारलं होतं, "कुठलं नाव घालू गं?"

"जे लवकर मंजूर होईल ते घाल," ती म्हणाली.

मला वाटलं, तिला काही फरकच पडत नाही.

ती गेल्यावर पोथीत मामाची कार्डं सापडली, दोऱ्याने बांधलेली. सगळ्यांवर पत्त्याच्या बाजूला 'सौ. सुशीला', पोस्टमनसाठी. उलटून पाहिलं, तर प्रत्येकावर पहिली ओळ तीच: 'चि. द्वारकेस अनेक आशीर्वाद.'