मस्टरवरचं नाव

१२ जून २०२५, गुरुवार. गोंदिया

आयटीआयच्या प्रवेशाचे दिवस. फॉर्म ऑनलाइन भरायचा असला तरी बाप माणूस स्वतः येऊन विचारल्याशिवाय राहत नाही. प्रश्न एकच: "सर, कोणत्या ट्रेडले नोकरी लागते?" मी इलेक्ट्रिशियन शिकवतो, तेही तासिका तत्त्वावर. जेवढे तास तेवढे पैसे, सुट्टी पडली की खिशालाही सुट्टी. तेव्हा हा प्रश्न मला विचारणं म्हणजे उपाशी माणसाला खानावळीचा पत्ता विचारणं. तरी मी सांगतो. पत्ते मला पाठ आहेत.

आज आमगावकडचे एक शेतकरी पोराला घेऊन आले. ट्रेडच्या यादीत त्यांना 'टेक्निशियन मेकॅट्रॉनिक्स' दिसलं होतं. दोन वर्षांचा कोर्स. "हे मेकॅनिकचं आहे का इलेक्ट्रॉनिकचं?" म्हटलं, दोन्हीचं. यंत्र, त्यातली वीज, हवेच्या दाबावर चालणारे भाग आणि त्या सगळ्यांना हुकूम सोडणारा संगणक, हे एकाच माणसाला कळावं म्हणून. शब्द जपानी कारखान्यातला. १९६९ मध्ये यास्कावा कंपनीच्या तेत्सुरो मोरी या अभियंत्याने जुळवलेला. ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे काम दोघाचं, आन पगार एकाचा."

पोराचं नाव त्यांनी इलेक्ट्रिशियनलाच घातलं.

१८ जून, बुधवार

रात्री साडेनऊला गोरेगाव रस्त्यावरच्या एका राइस मिलमधून शेठजींचा फोन. "मास्टर, सॉर्टेक्स नाटक करून राहिली. तांदळात काळा दाणा येऊन राहिला. गाडी उद्या लोड करायची आहे." रायपूरचा इंजिनिअर परवाशिवाय मोकळा नव्हता, आणि त्याचं येण्याजाण्याचं बिल वेगळं.

गेलो. गोंदियात मेकॅट्रॉनिक्स कुठे आहे असं कुणी विचारलं तर त्याला मी या यंत्रासमोर उभा करीन. वरून थरथरत्या पत्र्यावरून तांदूळ चरांमध्ये उतरतो, धारेसारखा खाली पडतो. पडता पडता कॅमेरे प्रत्येक दाणा बघतात. डागी, काळा, पिवळा दिसला की आतलं संगणक-कार्ड एका झडपेला इशारा देतं, झडप डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडते, आणि हवेची बारीक फुंकर तेवढाच दाणा बाजूला उडवते. अशा झडपा शेकड्यांनी. आजी सुपात तांदूळ घेऊन अंगणात बसायची तेच काम. फक्त तिला कॉम्प्रेसर लागत नव्हता.

कॅमेऱ्याच्या काचा पुसल्या, पट्ट्या तपासल्या. सगळं ठीक. यंत्रावर असलेला पोरगा माझाच विद्यार्थी, चार वर्षांपूर्वीचा. तो हळूच म्हणाला, "सर, काच नाही. हवेत पाणी आहे." कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा ड्रेन कॉक त्याने उघडला तर पाण्याची चूळ बाहेर पडली. पावसाळी दमट हवा कॉम्प्रेसर दाबतो, हवा थंड झाली की पाणी सुटतं, ते नळीतून झडपांपर्यंत जातं, तिथे मिलची धूळ बसली की लगदा. झडपा अर्धवट चिकटलेल्या. संध्याकाळीच त्याला शंका आली होती. मग सांगितलं का नाही? "मला कोण विचारते, सर."

एअर ड्रायर बंद पडलेला होता, तो सुरू केला, झडपा काढून साफ केल्या. दोन वाजता पांढरा तांदूळ सुरू झाला. शेठजींनी माझ्या हातात हजार रुपये ठेवले. पोराला चहा.

त्याचा पगार महिन्याला बारा हजार. पीएफ नाही. मस्टरवर त्याच्या नावापुढे लिहिलं आहे: हेल्पर.

२३ जून, सोमवार

चाकणहून एका जुन्या विद्यार्थ्याने पगाराची चिठ्ठी मोबाइलवर पाठवली. "सर, बरोबर आहे का बघा." पोरं मला वकील समजतात.

ओव्हरटाइम धरून एकूण १९,४००. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,०००, त्याचा बारा टक्के पीएफ, म्हणजे १,८०० गेले. ईएसआय पाऊण टक्का, १४६. व्यवसाय कर २००. हातात १७,२५४. हिशेब चोख आहे. काही कंत्राटदार मालकाच्या हिश्श्याचा पीएफसुद्धा पोराच्याच पगारातून वळता करतात. इथे तसं नाही. तो कंपनीच्या गेटमधून आत जातो, कंपनीचाच रोबो सांभाळतो, पण पगार कंत्राटदाराचा. तिथे 'कंपनी रोल' हा शब्द इकडच्या 'सरकारी नोकरी'इतक्या आदराने उच्चारतात.

खोली कॉट बेसिसवर, म्हणजे भाडं खाटेचं, खोलीचं नव्हे. मेस. घरी सहा हजार. उरतं काय हे मी विचारलं नाही.

त्याला सोडायला मी स्टेशनवर गेलो होतो. महाराष्ट्र एक्सप्रेस गोंदियाहून सकाळी निघते, नागपूर, भुसावळ, मनमाड करत दुसऱ्या दिवशी पहाटेच्या सुमारास पुण्याला टेकते आणि पुढे कोल्हापूरला जाते. राज्याच्या एका टोकाची पोरं दुसऱ्या टोकाला नेऊन घालणारी गाडी. जनरलच्या डब्यात आयटीआयच्या प्रमाणपत्रांची एक तरी प्लास्टिकची फाइल नसेल असा दिवस नसावा.

२९ जून, रविवार

रेल्वेची तंत्रज्ञांची भरती कालपासून खुली. देशभरात ६,२३८ जागा, त्यातल्या फक्त १८३ सिग्नलच्या ग्रेड-वन, २९,२०० पासून. बाकी ग्रेड-थ्री, मूळ पगार १९,९००. सायबर कॅफेत रांग. जंक्शनचं गाव आहे आमचं; इथे रेल्वेची नोकरी ही नोकरी नसून जात आहे, आणि तिच्यात जन्म घेता येत नाही म्हणून परीक्षा देतात.

तोवर अप्रेंटिस. नागपूर विभागाने यंदा हजारावर जागा काढल्या होत्या. परीक्षा नाही, दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर निवड. विद्यावेतन एक वर्षाच्या ट्रेडला ७,७००, दोन वर्षांच्या ट्रेडला ८,०५०. रात्री सहज भागाकार केला. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर ८,०५० चे रोजचे ३०९ रुपये ६२ पैसे पडतात. रोजगार हमीवर महाराष्ट्रात यंदाचा दर ३१२.

कुणी म्हणेल, अप्रेंटिस शिकतो आहे, ती मजुरी नव्हे. कबूल. रेल्वेच्या पहिल्या स्तरातल्या जागांत वीस टक्के वाटा अशा शिकलेल्यांना राखीव आहे, तो मोठाच आधार. केंद्राच्या अप्रेंटिस परिषदेने मे महिन्यात विद्यावेतन ५,००० ते ९,००० वरून ६,८०० ते १२,३०० करावं अशी शिफारसही केली. शिफारस. पण दोन रुपये अडतीस पैशांचा तो फरक डोक्यातून जात नाही. खड्डा खणणाऱ्याला जास्त मिळतं याचं दुःख नाही. त्यालाही कमीच मिळतं.

१ जुलै, मंगळवार

किमान वेतनाचा विशेष भत्ता आजपासून बदलायचा. जानेवारी आणि जुलै, वर्षातून दोनदा, महागाईच्या निर्देशांकावर. वर्गात हे शिकवायचा पाठ अभ्यासक्रमात नाही, तरी मी तास घेतला. फळ्यावर तीन शब्द लिहिले: अकुशल, अर्धकुशल, कुशल. सांगितलं, तुमच्या हातात काय कला आहे यावर पगार ठरत नाही. या तिन्हींपैकी कोणता शब्द मालकाने लिहिला यावर ठरतो. शिवाय परिमंडळ. पुण्याच्या कुशलाचा आकडा वेगळा, आमच्या तालुक्यातल्या कुशलाचा कमी. स्क्रू सगळीकडे सारख्याच आट्यांनी फिरतो, असं मागच्या बाकावरून कुणीतरी बोललं. हसलो सगळे.

६ जुलै, रविवार. आषाढी

वर्ग गेला आठवडाभर अर्धा रिकामा. रोवणी. पऱ्हे उपटून बांधीत लावायचे दिवस, घरचं माणूस घरीच लागतं. गैरहजेरी लावताना मी डोळेझाक करतो. सडक अर्जुनीकडचा एक पोरगा काल आला, हाताला चिखलाचा वास. म्हणाला, सकाळी बांधीत होतो, दुपारी गावात तीन सोलर पंपांच्या जोडण्या केल्या. कंत्राटदार पंपामागे पैसे देतो. त्याचा गेल्या महिन्याचा हिशेब चाकणवाल्यापेक्षा बरा निघाला, आणि खाट घरची. मात्र पंप संपले की काम संपलं.

९ जुलै, बुधवार

पाऊस थांबायला तयार नाही. तिरोड्याचा एक वेल्डर भिजत घरी आला, पेढे घेऊन. आयबीआर पास झाला.

ही गोष्ट मी दरवर्षी वेल्डरच्या पोरांना सांगतो. तिरोड्याचं औष्णिक केंद्र ३,३०० मेगावॅटचं, ६६० चे पाच संच. असल्या बॉयलरच्या नळ्यांत प्रचंड दाबाची वाफ खेळते, आणि तिथला सांधा जोडायला साधा वेल्डर चालत नाही. भारतीय बॉयलर विनियमांप्रमाणे परीक्षा द्यावी लागते: नळी जोडायची, मग त्या सांध्याचा एक्स-रे काढतात. आत ठरलेल्या मर्यादेबाहेरचा बुडबुडा दिसला की नापास. एरवी ग्रिल आणि गेट जोडणारा माणूस आणि हा माणूस, दोघांच्या हातात होल्डर तोच. रोजीत मात्र दुपटीहून जास्त अंतर. संच दुरुस्तीसाठी बंद केला की देशभरातून अशांना बोलावणं जातं. मग ओडिशा, मग गुजरात, मग पुन्हा घर.

मला यातला एक्स-रे आवडतो. हाताचं कसब कुणाच्या मर्जीवर न ठेवता दाखवता येतं. इलेक्ट्रिशियनच्या कामाचा असा फोटो निघत नाही. सॉर्टेक्सवाल्या पोराला जे कळलं, हवेत पाणी आहे हे, त्याचा एक्स-रे कुठे काढायचा?

१४ जुलै, सोमवार

पोरं जर्मनीबद्दल विचारतात. गेल्या वर्षी फेब्रुवारीत राज्याने बाडेन-वुर्टेमबर्ग प्रांताशी करार केला, दहा हजार कुशल माणसं पाठवायचा. तिथलं किमान वेतन यंदा तासाला १२.८२ युरो. आठ तासांचे आपले जवळपास दहा हजार रुपये. हे ऐकून वर्गात शांतता पसरली. एका दिवसात सॉर्टेक्सवाल्या पोराचा जवळपास महिना. मग मी तिथलं घरभाडं आणि जर्मन भाषेची परीक्षा सांगितली. शांतता तशीच राहिली, फक्त वेगळ्या कारणाने. एका मुलीने विचारलं, "सर, तिथे रात्रपाळीला मुलींना घेतात?" फिटरमध्ये चारच मुली आहेत, आणि हा प्रश्न त्यांना इथल्या मिलच्या फाटकावर ऐकावा लागला आहे.

डोक्यावर बिरसी विमानतळावरच्या प्रशिक्षण संस्थेची विमानं घिरट्या घालत होती. शिकाऊ वैमानिक. तेही शिकतच आहेत, फक्त फी भरून.

२५ जुलै, शुक्रवार

सॉर्टेक्सवाला पोरगा चालला. चाकणला, त्याच कंत्राटदाराकडे. शेठजींचा फोन: "मास्टर, तुम्ही समजावा. पंधरा देतो." मी दोघांना समोरासमोर बसवलं.

पोराने तीनच गोष्टी मागितल्या. पंधरा, पीएफ, आणि मस्टरवर हेल्परच्या जागी 'सॉर्टेक्स टेक्निशियन'. पंधराला शेठजींनी मान डोलावली. पीएफला विचार करतो म्हणाले. तिसऱ्या मागणीवर अडले. "नावात काय ठेवलं आहे रे? पैसे तर देऊन राहिलो."

"नावात काही नाही तर लिहा नं, शेठजी."

शेठजी वाईट माणूस नाही. त्यांनी मला बाजूला घेऊन हिशेब सांगितला: धान संपलं की मिल बंद, सरकारी भरडाईचे पैसे कधी येतील त्याचा भरवसा नाही, विजेचं बिल थांबत नाही. "एकाले टेक्निशियन लिहिलं तर उद्या बॉयलरवाला, परवा मोटारवाला. सगळेच कुशलचा रेट मागतील." खरं बोलले. ते सगळे कुशलच आहेत, हेच तर अडचणीचं.

पोराला अनुभवाचा दाखला तरी द्या म्हटलं. मुनीमजींनी लेटरपॅडवर लिहून आणला. चार वर्षं, हेल्पर, वागणूक चांगली.

२७ जुलै, रविवार

सकाळी स्टेशन. त्याच्या आईने डब्यात तांदळाच्या भाकरी दिल्या होत्या. दाखला त्याने फाइलमध्ये ठेवलाच नव्हता. म्हणाला, तिथे दाखवला तर हेल्परमध्येच टाकतील, त्यापेक्षा फ्रेशर म्हणून जातो.

गाडी गेल्यावर परत येताना मिलमध्ये डोकावलो. यंत्रावर नवा पोरगा, दहावी पास. पॅनलच्या दारावर वहीचा कागद चिकटवलेला, अक्षर ओळखीचं: "दर दोन घंट्याला ड्रेन कॉक खोलणे. ड्रायरचा हिरवा लाइट पाहणे. काळा दाणा आला तर आधी हवा, मग काच." खाली नाव नाही.

नव्या पोराला विचारलं, वाचलं का? म्हणाला, वाचलं, पण ड्रेन कॉक कोणता ते समजलं नाही. मी त्याला टाकीखाली वाकायला लावलं.