कानाचं माप

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. विषय नव्हता असं नाही, पण हा विषय लिहावा की नको यातच दोन-तीन महिने गेले. शेवटी ताई म्हणाली, "लिही रे, आप्पांना काही वाईट वाटायचं नाही. उलट प्रिंट काढून मागतील." तेव्हा परवानगी आहे असं धरून चालतो.

सुरुवात झाली माझ्या इअरबड्सपासून. गेल्या वर्षी वाढदिवसाला भाच्याने दिले. बिनवायरचे, डबीत ठेवले की आपोआप चार्ज होणारे. सकाळी चार भिंतीपर्यंत चालायला जायचं, कानात गाणं लावायचं आणि चढ कधी संपला ते कळूच द्यायचं नाही, असा बेत होता. पहिल्याच दिवशी डावा इअरबड कानातून निसटला आणि टुणटुण उड्या मारत उताराला लागला. समोरून येणाऱ्या एका आजोबांनी काठी आडवी घातली म्हणून वाचला. "कानात घालायचं की गोट्या खेळायच्या?" असंही विचारून घेतलं त्यांनी.

दुसऱ्या दिवशी दोन्ही घट्ट दाबून बसवले, तर अर्ध्या तासात कान ठणकायला लागले. सैल ठेवला की पडतो, घट्ट केला की दुखतो. आमच्या आजीच्या कानात कुडी होती, वर बुगडी होती, पण त्यांना भोक असायचं, मागून मळसूत्र असायचं. इथे सगळा कारभार विश्वासावर.

महिनाभर असाच काढला. मग एकदा डबीच्या खोक्यात एक प्लास्टिकची पुडी सापडली. त्यात रबरी टोप्यांच्या दोन जोड्या, एक लहान, एक मोठी. मधलं माप कंपनीने आधीच लावलेलं असतं. आपल्याकडे खोक्यातलं माहितीपत्रक वाचायची पद्धत नाही, त्यामुळे हे ज्ञान उशिरा झालं. :-)

मग मात्र मी हा विषय मनावर घेतला. काही गोष्टी कळल्या, त्या तुमच्याही उपयोगाच्या म्हणून सांगतो. एक तर आपले दोन कान सारखे नसतात. माझ्या उजव्या कानाला मधलं माप लागतं, डाव्याला मोठं. दोन्हीकडे एकच माप घालायला काय चपला आहेत? दुसरं, कानाचं भोक सरळ नसतं, आत वळण असतं. म्हणून दुसऱ्या हाताने कान थोडा वर आणि मागे ओढायचा, बड आत ठेवायचा आणि हलकेच फिरवायचा. ढकलायचा नाही. तिसरं, नीट बसला की नाही ते ओळखायची सोपी खूण म्हणजे तबल्याचा डग्गा. फट राहिली की खालचे, जाड आवाज पहिल्यांदा नाहीसे होतात. डग्गा पोकळ वाजला की समजायचं, टोपी बसलेली नाही. बरेचजण अशा वेळी आवाज वाढवतात आणि तिथेच चुकतात. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा आहे, की मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा. त्याच्यावर गेलं की तास भराभर कमी होतात.

चौथी गोष्ट मला सातारा-सांगली एसटीत समजली. कऱ्हाड सोडल्यावर भडंगाची पुडी उघडली आणि दोन्ही बड एकेक करून बाहेर यायला लागले. जबडा हलला की कानाच्या भोकाचा आकारही बदलतो म्हणे. तेव्हा एका वेळी एकच काम, भडंग तरी नाहीतर गाणं तरी.

तर त्याच खेपेला सांगलीला घरी पोचलो. आप्पांसाठी नेहमीप्रमाणे कंदी पेढे आणि या वेळी हे नवीन खेळणं.

आप्पांबद्दल थोडं सांगायला हवं. त्यांची पिठाची गिरणी होती. चाळीस वर्षं दळण दळलं. गिरणी चालू असताना बोलता येत नाही, त्यामुळे आमचं लहानपणी त्यांच्याशी बोलणं खुणांनीच. रात्री गिरणी बंद झाली, की अंगावरचं पीठ झटकून ते रेडिओ लावायचे. सांगली आकाशवाणी १९६३ सालची, त्यांच्या तरुणपणाची सोबतीण. मिरजेला दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते, तिथे ते दरवर्षी जायचे. पहाटे परत यायचे आणि सकाळी पुन्हा गिरणीत उभे. गेली चार-पाच वर्षं जाणं बंद केलं होतं. विचारलं तर म्हणायचे, "आता गर्दीचा कंटाळा येतो रे." आम्ही म्हटलं, वय झालं.

त्या संध्याकाळी मी खाँसाहेबांचं जुनं रेकॉर्डिंग लावलं आणि दोन्ही बड त्यांच्या कानात बसवले. आप्पा डोळे मिटून बसले. मग म्हणाले, "छान आहे. पण डाव्या बाजूचं बंद आहे बघ."

मी म्हटलं, टोपी बसली नसेल. लहान लावली, मोठी लावली, कान वर ओढून फिरवून बसवला. "अंहं." बडची जाळी पुसली. "अंहं." बॅटरी बघितली, भरलेली. माझ्या कानात घालून बघितला, उत्तम वाजत होता. खाँसाहेबांच्या काळचं रेकॉर्डिंग, त्यात डावं-उजवं काही नसतं, दोन्हीकडे तेच. मग डोक्यात काय आलं कुणास ठाऊक, मी तो डावा बड काढून त्यांच्या उजव्या कानाशी धरला.

"आता लागला," आप्पा म्हणाले.

मी काहीच बोललो नाही. आई दारात उभी होती, तीही बोलली नाही. जरा वेळाने आप्पाच म्हणाले, "बडमध्ये दोष नाही. मला माहितीये. तुम्हाला कशाला त्रास?"

मग एकेक आठवत गेलं. जेवताना ते भिंतीकडेची जागा का धरायचे, ज्यामुळे आम्ही सगळे त्यांच्या उजव्या हाताला यायचो. फोन घेतल्यावर "आईशी बोल" म्हणून लगेच का द्यायचे. मी दर रविवारी साताऱ्याहून फोन करायचो आणि वाटायचं, हे माझ्यावर कशावरून तरी नाराज आहेत. ताईलाही तेच वाटायचं. आम्ही दोघांनी त्यावर चर्चासुद्धा केली होती, त्यांना न विचारता!

पुढच्या आठवड्यात मिरजेला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. आधी मळ काढला, त्याने थोडा फरक पडला. मग बंद खोलीत बसवून तपासणी. दोन्ही कान वयाने कमी झालेले, पण डावा फारच. दोन कानांत इतका फरक असला की दुसरं काही नाही ना ते बघावं लागतं, म्हणून आणखी एक तपासणी झाली. ती सुदैवाने चांगली निघाली. गिरणीचं जातं आणि मोटार कुठल्या बाजूला होती, असं डॉक्टरांनी विचारलं. "डाव्या," आप्पा म्हणाले. तेवढ्यावरून नक्की काही सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पण आप्पा त्या दिवशी घरी येईपर्यंत गप्प होते.

कानाचं मशीन घ्यायचं ठरलं आणि पुन्हा तोच मापाचा प्रश्न! फक्त इथे लहान-मध्यम-मोठं नव्हतं. आत कापसाचा छोटा बोळा ठेवला, मऊ लगदा भरला आणि तो घट्ट होईपर्यंत थांबलो. बाहेर निघाला तो आप्पांच्या कानाचा साचा, वळणासकट. त्यावरून त्यांच्यापुरता मोल्ड तयार झाला. पहिला मोल्ड एका जागी टोचायचा, म्हणून तासून आणला. मग जेवताना शिट्टी वाजायला लागली. फटीतून बाहेर आलेला आवाज मशीनच परत पकडतं, म्हणून शिट्टी. पुन्हा मिरज. आप्पा वैतागले आणि मशीन आठवडाभर कपाटात गेलं. मी रागावलो, तर आई म्हणाली, "तुझी ती गोटी महिनाभर बसत नव्हती तेव्हा तुला कोण रागावलं?"

तिसऱ्या खेपेला परत येताना आप्पांनी रिक्षा तंतुवाद्यांच्या दुकानांकडे घ्यायला लावली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ती ही गल्ली. एक कारागीर तंबोऱ्याची जवारी लावत होता. तारेखालचं सूत जरासं पुढे, जरासं मागे, परत छेडायची, परत सरकवायचं. आम्ही बराच वेळ उभे होतो. एका क्षणी सूर असा उघडला की मलासुद्धा कळलं. आप्पांनी डाव्या कानावर हात ठेवला, काढला, परत ठेवला.

"लागली," ते म्हणाले. तंबोऱ्याबद्दल की मशीनबद्दल, ते मी विचारलं नाही.

असो. आता रविवारी फोन केला की आप्पा पटकन आईकडे देत नाहीत. परवा तर म्हणाले, "एवढा ओरडतोस कशाला? मी बहिरा आहे का?"