दिव्याखालचा ओटा

आमच्या अमरावतीत एका बंद दुकानाच्या ओट्यावर एक म्हातारी झोपते. एक गोधडी, प्लास्टिकचा कागद आणि एक पिशवी, एवढाच तिचा संसार. पिशवीच्या बंदाला सुतळी, सुतळीचं दुसरं टोक पायाच्या अंगठ्याला. समोर रस्त्यावरचा दिवा लख्ख जळतो. एवढ्या उजेडात झोप लागते का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "उजेड हाय म्हनून त लागते, बाबू. अंधारात भेव वाटते." अतिक्रमणवाल्यांच्या गाडीच्या धाकाने उजाडायच्या आत ती सगळं गुंडाळून ठेवते.

याच ओट्याबद्दल मोहल्ल्यात तक्रार अर्ज फिरला. रात्री बाया-पोरींना भीती वाटते, यांना इथून हलवा. भीती खोटी नव्हती. पण म्हातारीही अंधारालाच भीत होती. रस्त्यावरच्या सुरक्षिततेचा विचार करताना रस्त्यावर झोपणाऱ्यांना आपण त्यात मोजतच नाही.

१९८१ च्या पावसाळ्यात मुंबईत फुटपाथवरच्या झोपड्या हटवायचं ठरलं, तेव्हा पत्रकार ओल्गा टेलिस आणि फुटपाथवरची माणसं सर्वोच्च न्यायालयात गेली. १९८५ च्या निकालाने सांगितलं, की फुटपाथ चालण्यासाठीच आहे, पण जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्कही येतो. माणूस तिथं राहतो, कारण त्याचं काम जवळ असतं. पावसाळा सरेपर्यंत त्यांना हटवू नका, असंही न्यायालयाने बजावलं.

पुढे २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने मापच घालून दिलं: दर लाख वस्तीमागे किमान शंभर जणांचा निवारा, माणशी ५० चौरस फूट जागा. २०११ च्या जनगणनेत अमरावतीची वस्ती साडेसहा लाखांच्या घरात, अकोल्याची सव्वाचार लाख. म्हणजे दोन्ही शहरांत मिळून हजारावर माणसांची सोय हवी. तीही बाजार, स्टेशन, दवाखाना यांच्या जवळ. गावाबाहेर बांधलेल्या निवाऱ्यात हमाली करणारा माणूस जाणार नाही.

आपल्या वऱ्हाडाला हे शिकायला लांब जायची गरज नाही. शेंडगावात जन्मलेल्या, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यात वाढलेल्या गाडगेबाबांनी घर सोडलं आणि हाती खराटा घेतला. गाव झाडता झाडता त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या. रस्ता स्वच्छ करायचा म्हणजे रस्त्यावरचा माणूस झाडून टाकायचा, असं त्यांना कधी वाटलं नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांनी देह ठेवला, तोही वलगावजवळ, वाटेतच. आज त्यांची समाधी आमच्याच शहरात आहे.

अर्ज माझ्या दारी आला, तेव्हा 'हलवा' या शब्दाआधी मी चार शब्द घालायला लावले: 'झोपायची सोय करून मगच.' आणि मग सही केली.