जळल्या रानातला चैत्र

कुमाऊंच्या डोंगरांत चैत्र येतो तो दोन रंग घेऊन. एकीकडे बुरांसाची लाल फुले वाटेवर ओघळतात, तर दुसरीकडे चीड, म्हणजे ज्याला आपण पाइन म्हणतो, त्या वृक्षांच्या शेंड्यांवर फिकट हिरवे कोंब मेणबत्त्यांसारखे उभे राहतात. मार्च २०२५ च्या अखेरीस, पाडव्याच्या सुमारास, मी अल्मोडा जिल्ह्यातील डोंगरवाटांनी तीन दिवस पायी हिंडलो, तेव्हा तिसराही रंग पाहिला. तो काळा होता. २०२४ च्या उन्हाळ्यात उत्तराखंडात वणव्यांनी कहर केला होता. १३ जून रोजी बिनसर अभयारण्यात आग विझवावयास गेलेले वनविभागाचे चार कर्मचारी त्या आगीतच मरण पावले. आमच्या वाटेवरचा वणवा त्यामानाने लहान होता. पण दोन गावांमधला अख्खा उतार त्याने खाल्ला होता.

पाठीवर सॅक, तीत एक लहान तंबू आणि दोन वेळचा शिधा. बरोबर यजमान आणि त्यांचा भोटिया कुत्रा शेरू. शेरूच्या गळ्यात खिळे असलेला लोखंडी पट्टा होता. बिबट्या कुत्र्याची मान धरतो, म्हणून या भागात असा पट्टा घालतात. रात्री तो तंबूच्या दाराशी आडवा होई आणि मधूनच दरीकडे तोंड करून गुरगुरे. त्याच्या गुरगुरण्याने जाग येई आणि त्याच्या गप्प होण्याने झोप लागे.

जळल्या उताराने माझी अपेक्षा पहिल्याच तासात खोटी ठरवली. तिथे मरण दिसत नव्हते. चीड वृक्षाची साल जाड, तुकड्यातुकड्यांची असते. बुंधे पुरुषभर उंचीपर्यंत कोळशासारखे काळे झाले होते, पण वर शेंडे हिरवे होते. या झाडाचे पंखवाले बी उन्हाळ्यात उडते आणि उघड्या पडलेल्या मातीत पावसाळ्यात रुजते. आगीने जमीन मोकळी केली की त्याला आयते वाफेच मिळतात. गवतासारखी दिसणारी बोटभर रोपे जागोजागी उगवली होती. चालणेही सोपे झाले होते. एरवी चिडाखाली सुयांचा थर असतो. त्याला इकडे पिरूल म्हणतात. त्यावरून पाय हमखास घसरतो, आणि वणवा पसरतो तोही त्यावरूनच. मी यजमानांना म्हणालो, “रान तर छान सावरले आहे.” ते नुसते हसले.

त्या हसण्याचा अर्थ मला शेरूमुळे कळला. त्या उतारावर तो खाली मान घालून, कुठेही न थांबता, घरी परतणाऱ्या चाकरमान्यासारखा सरळ चालत गेला. उताराच्या टोकाला एक घळ लागली. तिथे बांजाची, म्हणजे हिमालयी ओकची, काही झाडे वणव्यातून वाचली होती. तिथे मात्र कुत्रा हलेना. कुजलेल्या पानांत नाक खुपसावे, उकरावे, शेवाळलेला दगड हुंगावा, पुन्हा मागे यावे. घळीतच दगडी बांधणीचा नौला होता आणि त्यात पाणी होते. आमच्या दीड दिवसाच्या चालीतले ते पहिले पाणी. बांजाखाली माती ओल धरते, तिथे किडामुंगी, पाखरू, जनावर सारे नांदते. माझ्या डोळ्यांनी हिरवे पाहून जे रान ठरवले होते, ते त्या नाकाने मोजलेच नव्हते.

बांज जळला वा तुटला तरी मुळातून पुन्हा फुटतो. परंतु ते फुटवे कोवळे असतात. गुरे खातात, चाऱ्यासाठी कोयता लागतो आणि पुढचा वणवा येतो. तेवढ्या अवधीत चिडाने जागा धरलेली असते. इंग्रजी अमदानीत लाकूड आणि लिसा, म्हणजे राळेचा चीक, यांच्यासाठी चिडाला महत्त्व आले. गावांचे हक्क आवळले गेले, तेव्हा १९२१ मध्ये लोकांनी जंगले पेटवली. पेटली ती प्रामुख्याने सरकारी चिडाची. बांजाचे रान त्यांनी राखले, कारण ते त्यांचे पाणी होते.

रात्री शेकोटीपाशी यजमानांनी सांगितले, “आम्ही पंत. आमचे मूळ पुरुष तुमच्या कोकणातून आले, असे घरात सांगतात.” कुमाऊंतील पंत घराण्यांत ही परंपरा प्रसिद्धच आहे. मी उत्साहाने दोन वाक्ये मराठीत बोललो. त्यांना एक शब्दही कळला नाही. कथा शिल्लक होती, भाषा नव्हती. त्याचे दुःख करण्याचा अधिकार मला नाही. ते त्या मातीचे झाले आहेत आणि उत्तम झाले आहेत. पण इंदूरला माझी नात आजीशी हिंदीत बोलते आणि आजी मराठीत उत्तर देते, ते मला त्या क्षणी आठवले.

तिसऱ्या दिवशी शीतलाखेतला पोहोचलो. इथल्या बायकांनी बांजाचे कोवळे फुटवे न तोडण्याचे ठरवले आणि पाळले. शेतातला काडीकचरा, ज्याला ते ओण म्हणतात, तो जाळण्याचे काम मार्चअखेर, ऊन तापण्यापूर्वी आटोपायचे, हाही नियम गावोगाव रुजवला. कुठेही धूर दिसला की माणसे हिरव्या फांद्या घेऊन धावतात. स्याहीदेवीच्या डोंगरावर आज बांज दाटतो आहे तो वर्षानुवर्षांच्या या राखणीने. शेरूने त्या वाटेला सर्वांत अधिक वेळ लावला.

मुळात जीव असला की झाड आपोआप फुटते, हे खरे. पण फुटल्यावर पुढची काही वर्षे कोणीतरी कोयता आवरावा लागतो, गुरे वळवावी लागतात आणि धुरावर नजर ठेवावी लागते. आपल्या घरांत मूळ अजून ओले आहे. राखणीला कोण बसणार, एवढेच ठरायचे आहे.